एक रंग दुसऱ्यात विरघळतो तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नभोवाणीवर चित्राविषयी बोलायचं म्हणजे ताटाशिवाय जेवण वाढण्यासारखं आहे. पण आजचा विषय तुम्ही सगळ्यांनी आधीच पाहिलेला आहे, फक्त त्याचं नाव अनेकांना ठाऊक नसतं. पावसाळा संपल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ दिवशी मान वर करून आभाळ पाहा. माथ्यावर ते गडद निळं असतं आणि नजर जसजशी क्षितिजाकडे उतरते, तसतसं ते फिकं, जवळजवळ पांढुरकं होत जातं. क्षितिजाकडून येणारा उजेड हवेच्या फार जाड थरातून येतो, म्हणून हा फरक पडतो. पण गडद कुठे संपलं आणि फिकं कुठे सुरू झालं, त्या जागेवर बोट ठेवून दाखवा म्हटलं, तर कोणालाही दाखवता येणार नाही. अशा हळूहळू बदलत जाणाऱ्या रंगाला संगणकाच्या भाषेत ‘ग्रेडियंट’ म्हणतात. आपण त्याला उतरती छटा म्हणू.

माझं आयुष्य शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलांना बसवताना पहिला धडा असायचा जलरंगाच्या ‘वॉश’चा. बोर्ड थोडा तिरपा धरायचा, कागद ओलसर करायचा, वरच्या कडेला निळ्या रंगाचा पट्टा ओढायचा आणि पुढच्या प्रत्येक पट्ट्याला ब्रशमध्ये पाणी थोडं वाढवायचं. हात मध्येच थबकला की डाग पडलाच म्हणून समजा. आमच्या नगरला गणपतीच्या कारखान्यांत सोंडेवर आणि कानांवर स्प्रे गनने जी शेडिंग मारतात, तीही हीच उतरती छटा. फ्लेक्स येण्यापूर्वीचे पेंटर दुकानाच्या पाटीवर अक्षराच्या वरच्या अंगाला पिवळा आणि खालच्या अंगाला लाल घेत आणि रंग ओले असतानाच कोरडा ब्रश फिरवून दोन्ही एकमेकांत मिसळून टाकत.

ही कला आपल्याकडेच होती असं नाही. जपानमध्ये लाकडी ठशांवरून चित्रं छापत. त्यात ‘बोकाशी’ नावाची एक पद्धत होती. ठशावर शाई लावल्यावर कारागीर ती ओल्या फडक्याने किंवा ब्रशने एका बाजूला पुसत नेई आणि मग कागद दाबी. हिरोशिगे या चित्रकाराने १८५० च्या दशकात एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, जी दृश्यं केली, त्यातलं वरच्या कडेला गडद होत जाणारं आभाळ याच युक्तीचं आहे. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्याने पुसावी लागे. म्हणजे हजार प्रती काढायच्या तर हजार वेळा पुसणं आलं.

संगणकाने हे कष्ट एका ओढीवर आणून ठेवले. आता ते कसं, ते पाहू. पडद्यावरचं चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, हे आपण ऐकलेलं असतं. नेहमीच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे चिकटलेले असतात. लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. उतरती छटा काढायची म्हणजे तुम्ही संगणकाला दोन टोकं आणि दोन रंग सांगायचे. मधल्या प्रत्येक ठिपक्यासाठी तो शाळेतलं त्रैराशिक मांडतो. एका टोकाला आकडा ० आणि दुसऱ्या टोकाला २००, तर पाव वाटेवर ५०, अर्ध्या वाटेवर १००, पाऊण वाटेवर १५०. एवढंच गणित. त्रैराशिक तेच, फक्त ते संगणक लाखो ठिपक्यांसाठी डोळ्याचं पातं लवण्याच्या आत करतो.

या कामासाठी महागडं सॉफ्टवेअर लागतं, असा आपल्याकडे समज आहे. अडोबी कंपनीचं फोटोशॉप १९९० साली आलं आणि फोटो स्टुडिओंमध्ये त्या नावाचं क्रियापदच झालं. २०१३ मध्ये कंपनीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं सोडून त्या भाड्याने देण्याचा मार्ग धरला. दर महिन्याला भाडं भरणं छोट्या गावातल्या स्टुडिओवाल्याला किंवा शाळेला जड जातं. मग कोणाकडून तरी चोरीची प्रत आणायची आणि तिच्याबरोबर व्हायरसही घरात घ्यायचे, असं चालतं. या चोरीची काही गरज नाही, हे मला आज मुद्दाम सांगायचं आहे.

१९९५ साली अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ‘गिंप’ नावाचा कार्यक्रम लिहायला घेतला. १९९६ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. तेव्हापासून जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. गिंप फुकट आहे, पण ‘फुकट’ हा शब्द इथे अपुरा पडतो. तो मोकळा आहे. त्याची प्रत काढून शेजारच्या शाळेला देणं हा गुन्हा नाही. त्याच्या परवान्यानेच तो हक्क आपल्याला दिलेला आहे. तो विंडोजवर चालतो आणि लिनक्सवरही चालतो. युनिकोड मराठी त्यात नीट उमटते, जोडाक्षरं फुटत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता, बालू यांसारखे देवनागरी फॉन्टही विनामूल्य मिळतात. म्हणजे मराठी पाटीचं, पत्रिकेचं सगळं काम एक पैसाही न खर्चता कायदेशीरपणे करता येतं.

गिंपमध्ये ‘जी’ हे अक्षर दाबलं की ग्रेडियंटचं साधन हाती येतं. माउस एका जागी दाबायचा, ओढत दुसऱ्या जागी न्यायचा आणि सोडायचा. दोन्ही टोकांना छोट्या खुणा दिसतात. त्या सरकवून छटा लांब, आखूड किंवा तिरपी करता येते आणि ‘एंटर’ दाबलं की ती पक्की होते. छटेचे आकारही वेगवेगळे आहेत. सरळ रेषेत उतरणारी म्हणजे ‘लिनिअर’, आणि पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरतात तशी मध्यापासून चहूकडे पसरणारी म्हणजे ‘रेडिअल’. बाकीचे आकार आहेत, पण नेहमीच्या कामाला हे दोन पुरतात.

नवशिका मनुष्य हे साधन हाती आलं, की पहिल्यांदा इंद्रधनुष्य काढतो. त्यात गैर काही नाही, चार दिवस खेळून घ्यावं. पण उतरत्या छटेचं खरं मोल रंग भरण्यात नाही. ‘इथे जास्त, तिथे कमी, आणि मध्ये हळूहळू’ हे संगणकाला सांगण्याची ती भाषा आहे. हे समजण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातलं एक चित्र डोळ्यांसमोर आणू.

हरिश्चंद्रगडावर किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठावर उभं राहून तुम्ही मोबाइलने फोटो काढता. डोळ्यांना डोंगरही दिसत असतो आणि ढगही दिसत असतात. फोटोत मात्र डोंगर नीट आला तर आभाळ पांढरं फटक पडतं आणि आभाळ आलं तर डोंगर काळा ठिक्कर होतो. डोळा प्रत्येक भागाशी जुळवून घेतो, कॅमेऱ्याला मात्र साऱ्या दृश्यासाठी प्रकाशाचं एकच माप धरावं लागतं. नवे मोबाइल स्वतःच थोडी सारवासारव करतात, पण ती दर वेळी साधतेच असं नाही. फिल्मच्या काळात निसर्गचित्रं काढणारे लोक यासाठी भिंगापुढे एक काच लावत. ती वरून काळसर आणि खाली स्वच्छ असे. त्या काचेचं काम आता उतरती छटा करते.

कृती ऐका. फोटो गिंपमध्ये उघडा आणि त्या थराची, म्हणजे ‘लेअर’ची, दुसरी प्रत करा. आता एकावर एक असे दोन सारखे फोटो झाले. वरचा फोटो ‘कर्व्ह्ज’ या आज्ञेने थोडा गडद करा. नजर आभाळावर ठेवा, ढग उठून दिसू लागले की थांबा. जमीन काळी पडेल, पडू द्या. आता वरच्या थराला ‘लेअर मास्क’ जोडा आणि तो पांढरा ठेवा. मास्क म्हणजे खिडकीचा पडदाच समजा. मास्क जिथे पांढरा, तिथे वरचा फोटो पूर्ण दिसतो. जिथे काळा, तिथे तो झाकला जाऊन खालचा मूळ फोटो दिसतो. जिथे करडा, तिथे दोन्ही मिसळून दिसतात.

आता ‘डी’ दाबा, म्हणजे रंग काळा आणि पांढरा असे ठरतील. ‘जी’ दाबा. ग्रेडियंटच्या यादीत पुढच्या रंगापासून मागच्या रंगापर्यंत जाणारी छटा निवडा आणि आकार ‘लिनिअर’ ठेवा. मास्कवर क्लिक करून तोच निवडलेला आहे याची खात्री करा. क्षितिजाच्या किंचित खाली माउस दाबा, आभाळात थोडं वरपर्यंत ओढा आणि सोडा. ‘कंट्रोल’ दाबून ठेवलं तर ओढ सरळ उभी राहते. खाली मास्क काळा झाला, म्हणून जमीन मूळची, उजळ दिसते. वर तो पांढरा राहिला, म्हणून आभाळ गडद दिसतं. मधल्या पट्ट्यात एक फोटो दुसऱ्यात विरघळतो आणि सांधा कुठेच दिसत नाही. ओढ आखूड असेल तर बदल झटकन होतो, लांब असेल तर सावकाश. झाकायचं किती, यापेक्षा विरघळवायचं किती अंतरात, हे ठरवणं म्हणजेच या कामातलं कौशल्य.

आता यातल्या दोन अडचणी. पहिली अशी, की क्षितिज सपाट नसतं. आभाळात घुसलेला देवळाचा कळस किंवा कड्याचं टोकही आभाळाबरोबर काळवंडतं. अशा वेळी मऊ कडेचा ब्रश घ्यावा आणि मास्कवर तेवढ्याच जागी काळा रंग फिरवावा. दुसरी अडचण जरा कठीण आहे. आभाळ फोटोत पूर्ण पांढरं पडलं असेल, म्हणजे तिन्ही आकडे २५५ असतील, तर तिथे काही उरलेलंच नसतं. कितीही गडद केलं तरी राखी धुरकटपणाच मिळतो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून फोटो काढतानाच मोबाइलच्या पडद्यावर आभाळावर बोट टेकवावं आणि फोटो किंचित गडद घ्यावा. गडद भागातून पुष्कळ काही वर काढता येतं, पांढऱ्या भागातून काहीच नाही.

दुसरा उपयोग आमच्या बचत गटाच्या भगिनींना आणि दुकानदारांना जास्त कामाचा आहे. मसाल्याच्या पाकिटाचं लेबल असो, शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका असो, की श्रद्धांजलीचा फलक असो, फोटोवर अक्षरं लिहायची असतात आणि ती वाचता येत नाहीत. मग आपण अक्षरांना लाल कड, तिला पिवळी कड, वर सावली असं करत जातो आणि गोंधळ वाढवतो. त्याऐवजी फोटोवर एक रिकामा थर घ्या. काळ्यापासून पारदर्शकाकडे जाणारी छटा निवडा. खालच्या कडेपासून वर सुमारे एक तृतीयांश उंचीपर्यंत ओढा आणि त्या थराची गडदता निम्म्यावर आणा. आता त्या भागावर साधी पांढरी अक्षरं लिहा. ती दुरूनही वाचता येतात आणि फोटोही झाकला जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तेव्हा पाट्या आणि लेटरहेड नव्याने करण्याचं काम अनेकांवर आलं. असं काम निघालं, की एक नियम लक्षात ठेवावा. छटा अक्षरांच्या मागे असावी, अक्षरांच्या आत नसावी. अक्षराचं वरचं अंग पिवळं आणि खालचं लाल केलं, तर पार्श्वभूमीशी त्यातला एखादा रंग हमखास जुळतो आणि अर्धं अक्षर गिळलं जातं. मराठीत तर वेलांट्या आणि रफार वर, उकार खाली. वरचा भाग गिळला गेला तर शब्दच बदलतो.

तिसरा उपयोग माणसांच्या फोटोचा. आजीचा फोटो सुंदर आला आहे, पण मागे दोरीवरचे कपडे आहेत आणि कोपऱ्यात मोटारसायकल. इथे गोल छटा वापरावी. चेहऱ्यापासून कडेकडे ओढत न्यायची, मध्ये पारदर्शक आणि कडेला काळी. मग तो थर इतका फिका करायचा, की पाहणाऱ्याला छटा दिसू नये, फक्त नजर चेहऱ्यावर जावी. छटा दिसली तर ती जास्त झाली, असं समजावं.

एक तांत्रिक दोष अनेकांना छळतो, तोही सांगतो. कधी कधी आभाळाची छटा सलग न दिसता जिन्याच्या पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. यामागेही आकड्यांचाच खेळ आहे. समजा चित्र २००० ठिपके उंच आहे आणि छटा १२० पासून १६० पर्यंतच जाते. म्हणजे चाळीस पायऱ्यांत २००० ठिपके वाटायचे. प्रत्येक पायरी पन्नास ठिपक्यांची झाली आणि एवढा रुंद पट्टा डोळ्याला दिसणारच. उपाय सोपा आहे. ग्रेडियंटच्या साधनात ‘डिदरिंग’ नावाचा पर्याय असतो, तो चालू ठेवायचा. मग संगणक पायऱ्यांच्या सीमेवर दोन्ही रंगांचे ठिपके विखरून टाकतो, रांगोळीत दोन रंगांच्या सीमेवर आपण चिमटीने दोन्ही रंग भुरभुरवतो तसे. डोळ्याला सांधा सापडत नाही. शिवाय गिंपच्या २०१८ मध्ये आलेल्या २.१० या आवृत्तीपासून चित्र सोळा बिटमध्ये ठेवता येतं. त्यात २५६ ऐवजी ६५ हजारांहून अधिक पायऱ्या मिळतात. काम चालू असताना फाइल गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ या प्रकारात ठेवावी, म्हणजे थर शाबूत राहतात. छापायला किंवा पाठवायला द्यायची प्रत वेगळी काढावी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि पट्टे पुन्हा वर येतात. म्हणून फ्लेक्सवाल्याला फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. २७ जून १९९४ या तारखेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकी खेळाडूचा फोटो होता. त्याच्यावर खुनाचा आरोप होता आणि फोटो पोलिसांनी काढलेला होता. ‘टाइम’ने तो मुद्दाम काळवंडून, कडांना अंधार करून छापला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो जसाच्या तसा छापला. दोन्ही अंक विक्रीला शेजारी शेजारी लागले आणि फरक जगाने पाहिला. खटला उभा राहण्याआधीच माणूस गुन्हेगार वाटावा, असा तो अंधार होता. टीकेचं मोहोळ उठलं आणि संपादकांना खुलासा करावा लागला. चेहऱ्याची एक रेषाही बदललेली नव्हती. बदलला होता तो फक्त उजेड. आजीच्या फोटोत जी छटा मायेची असते, तीच दुसरीकडे आरोपाची होऊ शकते.

हे अमेरिकेतलं झालं, पण आपल्या बांधावरही हाच प्रश्न येतो. अवकाळी पावसाने ज्वारी आडवी झाली आणि पंचनाम्यासाठी फोटो द्यायचा आहे. मुलगा हुशार आहे, तो म्हणतो, “आबा, आभाळ जरा काळं करतो, म्हणजे वादळ दिसेल.” असं अजिबात करू देऊ नका. नुकसान शंभर टक्के खरं असलं, तरी बदललेल्या आभाळामुळे खऱ्या नुकसानीवर संशय येतो. मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये फोटो काढल्याची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. ती मूळ फाइल जपून ठेवावी आणि पुरावा म्हणून तीच द्यावी. पुराव्याच्या, बातमीच्या, ओळखपत्राच्या फोटोला छटा लावू नये. निसर्गचित्र, पत्रिका, लेबल, घरातला फोटो यांना खुशाल लावावी, कारण तिथे आपण कोणाला काही पटवून देत नसतो, दाखवत असतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिले आठ दिवस रंगाला हातच लावू नये. कोऱ्या कागदावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची एक पट्टी काढावी. मग तीच दुप्पट लांबीची काढावी, मग निम्म्या लांबीची. मध्यावरचा करडा कुठे येतो, ते डोळ्याने ओळखावं आणि मग संगणकाला विचारून पडताळावं. शाळांमधल्या संगणक कक्षात गिंप घालून घ्या, आणि चित्रकलेच्या शिक्षकांना तिथे तासभर बोलवा. ज्या मुलाला ओल्या कागदावर वॉश देता येतो, त्याला मास्क समजायला वेळ लागत नाही. आणि जे मूल रंगपेटी घेऊ शकत नाही, त्याच्यासाठी ही रंगपेटी कधी संपणार नाही.